अचानक लुळेपणा आणि पुढचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुखपृष्ठं आणि जाहिरातींचे स्टोरीबोर्ड करतो. ट्रान्सव्हर्स मायलायटिसनंतर, म्हणजे मज्जारज्जूला सूज आल्यानंतर, पाय गेले, हातांत मनगटापर्यंत ताकद उरली आणि बोटं जवळपास गेली. आजही तेच काम करतो, मुंबईतूनच. कुणाच्या घरी असं काही झालं की माझा नंबर फिरतो आणि फोनवर साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे उतरवून ठेवले आहेत. औषधोपचाराचे निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच घ्या. बाकी सगळ्यावर माझी मतं आहेत आणि ती ठाम आहेत.

सगळे नातेवाईक "लकवा मारला" म्हणतात. डॉक्टर भलतंच नाव सांगतात. फरक काय पडतो?

बराच पडतो, कारण पुढचा अंदाज त्यावर ठरतो. आपण ज्याला एरवी लकवा म्हणतो तो मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा रक्तस्रावाने होतो आणि बहुधा शरीराची एक बाजू जाते.

गिलाँ-बारे, म्हणजे जीबीएस, हा वेगळा प्रकार. एखाद्या जंतुसंसर्गानंतर, बऱ्याचदा जुलाब होऊन गेल्यावर, शरीराची प्रतिकारशक्तीच हातापायांकडे जाणाऱ्या नसांवर उलटते. पायांपासून सुरुवात होते आणि अशक्तपणा वर चढत जातो. वर्षाला लाखात एखाद-दोघांना होणारा हा आजार. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात याची साथ आली, तेव्हा हे नाव मराठी घरांत पोचलं.

ट्रान्सव्हर्स मायलायटिसमध्ये सूज नसांना नाही, मणक्यातल्या मज्जारज्जूला येते. दहा लाखांत वर्षाला एक ते आठ जणांना. ज्या पातळीवर सूज, त्याखालचं सगळं बिघडतं: हालचाल, स्पर्श आणि, ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते, लघवी-संडासवरचं नियंत्रण. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी वाहिनी अचानक बंद पडूनही असंच होतं, पण ते आणखी दुर्मीळ.

हात परत येईल का? किती दिवसांत?

जीबीएसमध्ये घसरण साधारण चार आठवड्यांत तळ गाठते आणि मग चढ सुरू होतो. मधल्या काळात पाचातल्या एकाला, कधी त्याहून जास्त जणांना, व्हेंटिलेटर लागतो. सहा महिन्यांनी दहातले आठ जण आधाराविना चालू शकतात. आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार नसांवरचा हल्ला थांबवतात. जळालेली नस ते पुन्हा उगवून देत नाहीत. नसेवरचं आवरण, म्हणजे मायलिन, तेवढंच गेलं असेल तर काम लवकर सुधारतं. आतली तार, ॲक्सॉन, गेली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि भागाकार करा, म्हणजे डॉक्टर "बघू, वेळ लागेल" का म्हणतात ते कळेल.

मायलायटिसमध्ये सुरुवातीला स्टिरॉइडची सलाईन तीन ते पाच दिवस देतात, गरज पडली तर प्लाझ्मा बदलतात. पुढचा ढोबळ हिशेब असा: एक तृतीयांश लोक चांगले बरे होतात, एक तृतीयांश मध्यम, एक तृतीयांशांना मोठं अपंगत्व राहतं. बरीचशी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते, पण दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते.

डॉक्टरांच्या राउंडला दोन प्रश्न कागदावर लिहून ठेवा. जीबीएस असेल तर, "मायलिन गेलंय की ॲक्सॉन?" मायलायटिस असेल तर, "एक्यूपी-४ आणि एमओजी या अँटीबॉडींची तपासणी झाली का?" दुसऱ्याचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. या अँटीबॉडी सापडल्या तर आजार पुन्हा येण्याची शक्यता असते आणि औषधं लांबपर्यंत चालू ठेवावी लागू शकतात.

माझी मिसेस टेक्स्टाइल डिझायनर आहे. ती म्हणते सगळं विकून टाकू, दुसरं काहीतरी बघू. काय करावं?

निर्णय वर्षभर घेऊ नका. काम मात्र लवकर सुरू करा. या दोन्ही गोष्टी एकत्र चालतात, आणि लोक नेमकं उलटं करतात: महिन्याभरात स्टुडिओ रिकामा करतात आणि वर्षभर पेन्सिलकडे बघत नाहीत.

लवकर म्हणजे किती? आयसीयूतून बाहेर आल्यावर, बसवून ठेवता येतं तेव्हा. आणि काम म्हणजे ऑर्डर पूर्ण करणं नाही. जुनी डिझाइन्स समोर धरायला सांगा आणि आज ती वेगळी कशी केली असती ते बोलून रेकॉर्ड करा. रंगांच्या पट्ट्यांतून निवड करा. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढा, त्यात तर आपण कलाकार मंडळी पटाईत. हा सराव हातांचा नाहीच, निवडीचा आहे, आणि ती बोटांच्या आधी गंजते.

क्लायंटला, प्रकाशकाला काय सांगायचं? सांगायचंच का?

सांगायचं. मुंबईत बातमी तुमच्या आधी पोचते, आणि पोचेपर्यंत ती "आता ते काम करत नाहीत" अशी झालेली असते. आजाराचं वर्णन दोन ओळींत संपवा, पुढचं सगळं कामाबद्दल लिहा. माझ्या निरोपाचा नमुना असा:

"मज्जारज्जूच्या आजारामुळे मी सध्या हॉस्पिटलात आहे. हातातलं मुखपृष्ठ माझ्या देखरेखीखाली सहायक पूर्ण करेल, रफ १५ तारखेपर्यंत मिळेल. नवीन काम दिवाळीनंतर घेईन. तोवर फोनऐवजी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवावा."

यात "कृपया समजून घ्या" कुठेही नाही. लोक समजून घेतातच. त्यांना अडचण असते ती तारखेची.

बोटं चालत नसताना चित्र काढता कसं?

चार मार्गांनी, आणि एकाच चित्रात चारही.

पहिला मार्ग पट्ट्याचा. तळहाताभोवती एक पट्टा बसतो, त्यात खाच असते, खाचेत ब्रश किंवा टॅबलेटचा पेन खोचायचा. हालचाल खांद्यातून आणि कोपरातून येते. रेघ मोठी आणि सैल होते. बारीक हॅचिंग, म्हणजे जवळजवळ रेघा ओढून छटा देणं, विसरा, रुंद ब्रश घ्या. पट्टा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे हातांची रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या तज्ज्ञाकडून, मापाने करून घ्यावा. ऑनलाइन मिळणारे सैल बसतात आणि घामाने घसरतात.

ज्यांचं मनगट वर उचलता येतं पण बोटं हलत नाहीत, त्यांच्यासाठी एक बारीक पण मोठी गोष्ट. मनगट वर उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात, खाली सोडलं की उघडतात. ही नैसर्गिक पकड जपायची असते. म्हणून मनगट मागे वाकवलेलं असताना बोटंही पूर्ण सरळ ताणायची नाहीत. मालिश करणारी मंडळी प्रेमाने नेमकं हेच करतात. त्यांना आधी सांगून ठेवा.

दुसरा मार्ग तोंडाचा. हलकी काडी आणि तिच्या टोकाला ब्रश. यात जबडा, दात आणि मान यांची वाट लागू शकते, म्हणून चावायचा भाग दंतवैद्याकडून दातांच्या मापाचा करून घ्या आणि मधे मधे थांबा. तोंडाने आणि पायाने रंगवणाऱ्या चित्रकारांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९५७ पासून आहे. ती चित्रकारांनीच चालवलेली आहे, भेटकार्डं आणि कॅलेंडरांच्या विक्रीतून सभासदांना पैसे देते आणि भारतातही काम करते. सभासदत्व कामाचा दर्जा बघून मिळतं.

तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर डोकं हलवून कर्सर चालवणारा "कॅमेरा माऊस" हा प्रोग्रॅम फुकट आहे. २०२४ पासून आयफोन-आयपॅडवर नजरेने निवड करण्याची सोय आली आहे. अँड्रॉइडमध्ये भुवया उंचावून, तोंड उघडून बटण दाबल्यासारखं करता येतं. नजरेने रेघ ओढणं त्रासाचं आहे. पण लेयर निवडणं, रंग भरणं, मोठं-लहान करणं, पानं लावणं हे सगळं होतं. व्हिडिओ एडिटिंगचं बरंचसं काम असंच असतं.

चौथा मार्ग म्हणजे दुसऱ्याचा हात. त्याबद्दल पुढे सविस्तर, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात.

पद्धत निवडताना अमेरिकन चित्रकार चक क्लोज यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. डिसेंबर १९८८ मध्ये मज्जारज्जूची रक्तवाहिनी बंद पडून ते अचानक लुळे झाले. पुढे हाताला ब्रश बांधून ते २०२१ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या शेवटापर्यंत, प्रचंड मोठी व्यक्तिचित्रं करत राहिले. सगळे इथेच थांबतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: आजाराच्या वीस वर्षं आधीपासून ते फोटोवर चौकटी आखून एकेक चौकट रंगवत होते. आजारानंतर चौकट तीच राहिली, आतली रेघ सैल झाली. आपल्या जुन्या पद्धतीतला कोणता भाग बोटांवर अवलंबून नव्हता ते शोधायचं आणि पुढचं त्यावर उभं करायचं.

सहायकाने काढलेलं चित्र तुमचं कसं?

हा प्रश्न मला धडधाकट लोक विचारतात, आणि बहुतेक वेळा ते स्वतः सहायकांकडून काम करून घेत असतात.

मुंबईचा कलाधंदा उभाच आहे तो दुसऱ्याच्या हातांवर. सिनेमाची मोठाली बॅनर्स रंगवली जायची तेव्हा उस्ताद चेहरा करायचे आणि कपडे, पार्श्वभूमी, अक्षरं शागीर्द भरायचे. ॲनिमेशनमध्ये मुख्य पोझेस एक जण काढतो, मधल्या फ्रेम्स दुसरे. जाहिरातीत आर्ट डायरेक्टर शेवटचं चित्र स्वतः काढतो असं मी तरी पाहिलेलं नाही. दिग्दर्शक कॅमेऱ्याला हात लावत नाही. आणि मागे जायचं तर ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं; कर्ता कोण, असा वाद सातशे वर्षांत कोणी घातलेला नाही. मग खुर्चीत बसलेल्या माणसाने सहायक ठेवला की तेवढ्यालाच दया कशी म्हणतात?

पण मालकी तुमची असेल तर शिस्तही तुमचीच हवी. सहायकाला "जरा छान कर" म्हणून चालत नाही. कागदाला चौकटी आखा, प्रत्येकीला नंबर द्या, म्हणजे "ब-४ मध्ये रेघ आणखी झुकव" असं सांगता येतं. रंगांना डबीवरची नावं वापरा. सूचना रेकॉर्ड करा. माझ्याकडे येणारे सहायक बहुतेक कला महाविद्यालयातून नुकते बाहेर पडलेले असतात. सुरुवातीला त्यांचा हात त्यांच्याच मर्जीने चालतो आणि ते स्वाभाविक आहे. तुमची भाषा त्यांच्या हातात उतरायला काही महिने लागतात. तो पगार प्रशिक्षणाचा समजून द्यावा.

कागदपत्रं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. फ्रीलान्स सहायकाला हे लागू होत नाही, त्याच्याशी लेखी करार हवा. त्याचं नाव द्या, पैसे वेळेवर द्या. चित्र नेमकं कोणत्या भागात कोणाचं हे एका पानावर दोघांनी सही करून ठेवलं की पुढे मन आणि मैत्री दोन्ही शाबूत राहतात.

याच कायद्यातली आणखी एक तरतूद आजारपणात उपयोगी पडते. हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जुने करार घरच्या कोणाला तरी वाचायला बसवा. पडून राहायचंच आहे तर निदान आपल्या हक्काचे पैसे मोजत पडावं.

मी कथा लिहिते. मराठीत बोलून लिहिता येतं का?

येतं, आणि बऱ्यापैकी चांगलं. फोनच्या जीबोर्डवर मराठी आवाजाने टंकलेखन होतं, गूगल डॉक्समध्येही. प्रमाण बोलीत छान चालतं. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद आले की ते स्वतःच्या मनाने दुरुस्ती करतं आणि पात्रं सदाशिव पेठेत राहायला जातात. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर तपासावे लागतातच.

खरी अडचण तांत्रिक नाहीच. बोलून लिहिताना वाक्य आधी डोक्यात पूर्ण करावं लागतं, आणि घरात कोणीतरी ऐकत असतं. सासूबाई शेजारच्या खोलीत असताना प्रणयप्रसंग सांगून बघा. दार बंद करता येणारी जागा आणि ठरलेली वेळ यासाठी घरात भांडा, ते भांडण योग्य आहे.

वाचनासाठी एक सोय: पुस्तक हातात धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही अशी व्यक्तीही कायद्याने "छापील मजकूर वाचू न शकणारी" धरली जाते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर अशा वाचकांसाठी पुस्तकं सुलभ स्वरूपात करता येतात. २०१६ पासूनचं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय त्यासाठीच आहे. ते फक्त अंधांसाठी आहे असं समजून कित्येक जण तिकडे फिरकत नाहीत.

गायक, वादक, नट यांचं काय?

गायकाने गळ्याआधी श्वास तपासावा. जीबीएसमध्ये आणि मानेच्या पातळीवरच्या मायलायटिसमध्ये श्वासाचे स्नायू दुबळे होतात, आणि व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस राहिली तर स्वरतंतूंना इजा होऊ शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू बघून घ्या, स्पीच थेरपिस्ट गाठा, आणि तोवर वरच्या पट्टीचा हट्ट सोडा. बसून गाणं आपल्याकडे परंपरेनेच असल्यामुळे मैफलीत खुर्ची कोणाला खटकत नाही. पोटाला आधार देणारा पट्टा बांधल्यावर काही जणांचा श्वास सुधारतो, तो डॉक्टरांना विचारूनच.

वादकासाठी हे सगळ्यात कठीण, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. संगीत संयोजन, शिकवणं आणि कॉम्प्युटरवर रचना हे रस्ते आहेत. चित्रपटगीतांचे संगीतकार आणि गीतकार असाल तर २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला तुमचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही, तो तुमचाच राहतो; वसुलीसाठी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा.

नटांनी डबिंग आणि श्राव्य पुस्तकांकडे बघावं. आणि नर्तकांच्या घरच्यांना विनंती: सुधा चंद्रन यांचं उदाहरण रोज देऊ नका. अपघातानंतर पाय गमावून १९८४ मध्ये त्या जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या, हे थोर आहे. पण त्यांचा मज्जारज्जू शाबूत होता. इथे प्रश्न वेगळा आहे.

दिवस कसा आखता?

कामाचं वेळापत्रक बाथरूमच्या वेळापत्रकावर बसवतो. नळीने लघवी काढायची तर ती दर चार ते सहा तासांनी. पाणी मोजून. संडासची वेळ रोज तीच. मीटिंग कोणाचीही असो, या वेळा हलत नाहीत. आजारानंतर करिअर मोडलेले लोक मी पाहिले आहेत. त्यात कला संपली म्हणून मोडलेले फार थोडे, लघवीच्या संसर्गाने आणि बेडसोअरने वर्षंच्या वर्षं खाल्ली म्हणून मोडलेले जास्त.

बेडसोअरसाठी: पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलणं, खुर्चीत दर पंधरा-तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दाब काढणं. चित्रात रमलं की हे राहून जातं, कारण दुखत नाही. फोनवर गजर लावा आणि सहायकाला त्याचे अधिकार द्या. खुर्चीची उशी कधीही स्वस्तातली घेऊ नका. पैसे वाचवायचेच तर टॅबलेटवर वाचवा.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर एक धोका घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. अचानक डोकं ठणकायला लागणं, चेहरा लाल होऊन घाम, रक्तदाब एकदम वर. कारण बहुतेक वेळा तुंबलेली लघवी. ताबडतोब उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी दुमडली आहे का बघा. उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल. हा प्रकार थकव्याचा समजून झोपवणं घातक आहे.

थकवा वेगळा. जीबीएसनंतर चालायला लागलेल्या माणसालाही तो वर्षानुवर्षं राहू शकतो आणि बाहेरून दिसत नाही. आवरण गेलेल्या नसा उष्णतेत आणखी मंद चालतात, त्यामुळे मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हात जड होतात. गारव्यात पुन्हा पूर्ववत. आजार परत आला म्हणून घाबरायचं नाही, पण बदल दिवसभर टिकला तर डॉक्टरांना कळवायचं. मी बारीक काम पहाटे करतो आणि दुपारी फक्त फोन.

मुंबईत पुनर्वसनासाठी कुठे जायचं?

हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन १९५५ पासून आहे: फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, कृत्रिम साधनं सगळं एका आवारात. केईएम, सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. भारतातली या विषयाची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईतच, कमलाबाई निंबकरांनी सुरू केली. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी एकच समजू नका. फिजिओ तुम्हाला उभं करेल, ब्रश हातात कसा राहील ते दुसरा माणूस बघतो. पहिल्या भेटीला तुमची अवजारं पिशवीत घालून घेऊन जा. चेंबूरला नासिओह ही संस्था १९६८ पासून अपंगांना व्यवसाय प्रशिक्षण देते. एअर मॅट्रेस, पलंग, खुर्ची आधी भाड्याने घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांतून चौकशी केली की भाव कळतात.

दाखला, पैसे, सवलती?

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे सरकारच्या अपंगत्व ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी नेमून दिलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात. अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं कार्ड, ४० पासून पिवळं, ८० पासून निळं. सुधारणा चालू असेल तर तात्पुरता दाखला मिळतो. तोही घ्या, "बरंच होणार आहे" म्हणून थांबू नका. आयकराची जुनी प्रणाली निवडलीत तर ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट आहे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजनाही आहे, तिची चौकशी करून ठेवा.

क्रिटिकल इलनेस विमा असेल तर व्याख्या शब्दशः वाचा. प्रमाणित व्याख्येत दोन किंवा अधिक अवयवांचा कायमचा लुळेपणा, तीन महिन्यांहून जास्त काळ, आणि मेंदू किंवा मज्जारज्जूच्या आजाराने किंवा इजेने, असं म्हटलेलं असतं. मायलायटिस मज्जारज्जूचा आहे. जीबीएस नसांचा आहे, तिथे दावा अडू शकतो. न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रातली शब्दयोजना म्हणूनच महत्त्वाची.

माझे मिस्टर सरकारी कला शिक्षक आहेत. शाळेतले लोक राजीनामा द्या म्हणतात.

देऊ नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, पदावनतही करू शकत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून. लेखी अर्ज करा, पोच घ्या. खासगी नोकरीत हे इतकं सरळ नाही.

घराबाहेर पडता का?

पडतो. लोकलला अपंगांसाठी राखीव डबा असतो, पण फलाट आणि डबा यांतलं अंतर आणि जिने खुर्चीवाल्याला बाहेरच ठेवतात. मेट्रोने चित्र बदललं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग सुरू झाल्यावर हुतात्मा चौकाला लिफ्टने वर येऊन काळा घोड्याकडे जाता येतं आणि सिद्धिविनायकला उतरून रवींद्र नाट्य मंदिराकडे. स्टेशनबाहेरच्या फुटपाथचं मात्र देवच जाणे. प्रदर्शनाला बोलावणं आलं की आधी पायऱ्यांचे आणि बाथरूमच्या दाराचे फोटो मागवतो. आयोजक "चार माणसं उचलतील" म्हणाले तर जात नाही. मला पडायची भीती वाटते आणि उचलणाऱ्यांना कंबरदुखी होते.

प्रेरणादायी भाषणासाठी याल का?

चित्रकलेवर बोलायचं असेल तर, मानधन घेऊन. "तुम्ही फक्त या, तुम्हाला बघूनच मुलांना प्रेरणा मिळेल" अशा आमंत्रणांना शाल, श्रीफळ आणि रिक्षाचंही भाडं नाही असा अनुभव आहे.

तो बोलतच नाही. दिवसभर भिंतीकडे बघतो. आम्ही काय करू?

"मनाने खंबीर राहा" हे वाक्य आठवडाभर बंद करा. मानसोपचारतज्ज्ञाला फिजिओइतकाच नेमाने बोलवा. या आजारांनंतर नैराश्य सर्रास येतं आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जीव द्यायची भाषा आली तर एकट्याला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्याच्या कामाचे मित्र बोलवा, पण नातेवाइकांसारखे फळं घेऊन नकोत. एखादं अडलेलं काम घेऊन यावेत आणि खरोखर सल्ला मागावा. खोटं अडलेलं काम त्याला लगेच ओळखू येतं.

तुम्ही सध्या काम घेता का? किती वेळ लागतो?

घेतो. मुखपृष्ठाला पूर्वीच्या दुप्पट वेळ धरा, स्टोरीबोर्डला थोडा कमी, कारण तिथे सहायक भराभर काढतो. बदल दोनदा, तिसऱ्याचे पैसे वेगळे. अर्धी रक्कम आगाऊ. मे महिन्यात डेडलाइन देऊ नका.